अंगावरून वारं गेल्यानंतरचे महिने

'स्ट्रोक' हा शब्द मराठवाड्यात दवाखान्याच्या कागदावर दिसतो. गावात म्हणतात, लकवा मारला, नाहीतर अंगावरून वारं गेलं. आयुर्वेदानंही हा आजार वातव्याधीत धरला, त्याला पक्षवध म्हटलं. महामाष तेलाचं मालिश, दुधात शिजवलेला लसूण हे उपाय त्यातूनच घरोघर आले. कबुतराचं रक्त चोळण्याची खुळी समजूत मात्र कुठून आली कोण जाणे. त्यात मोलाचे तास जायचे, आजही जातात. मालिशचं एक बरं होतं. लुळ्या हातापायाला रोज कुणाचा तरी हात लागायचा.

औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आपली घाटी, १९५६ साली सुरू झालं. अंबाजोगाईचं १९७४ साली, नांदेडचं १९८८ साली. पण डोक्यात रक्ताची गाठ अडकलीय की रक्तस्राव झालाय, हे सीटी स्कॅनशिवाय नेमकं कळत नाही, आणि त्या यंत्राचा शोधच १९७१चा, तोही लंडनमधला. तोवर अंदाजावरच चालायचं. रुग्णाला आठवडेच्या आठवडे पाठीवर निजवून ठेवत, मग पाठीला जखमा, छातीत कफ. मेंदूची मेलेली पेशी परत येत नाही, म्हणजे गेलं ते गेलं, असं डॉक्टरही मानत. सत्तरीतल्या माणसाबद्दल तर कुणी विचारतही नसे. वय झालं, एवढ्यावर विषय संपायचा.

पेशी परत येत नाही हे खरंच आहे. पण शेजारचा भाग तिचं काम शिकून घेऊ शकतो, वारंवार करून घेतलं तर. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात चांगल्या हाताला मोजा चढवून अधू हातालाच कामाला लावलं. झटक्याला तीन ते नऊ महिने उलटलेली ही माणसं, तरी फरक पडला. हातात थोडीफार हालचाल उरलेल्यांनाच हे जमतं, हेही खरं. मग लवकरात लवकर उठवण्याची लाट आली. २०१५च्या मोठ्या चाचणीत दिसलं, की पहिल्या चोवीस तासांतच वारंवार उठवत राहिलं तर परिणाम उलट वाईट होतो.

गाठ विरघळवणारं इंजेक्शन १९९५च्या चाचणीत तीन तासांपर्यंत उपयोगी ठरलं, २००८ साली ती मुदत साडेचार तासांवर गेली. महाराष्ट्रात १०८ची गाडी २०१४पासून धावते. तरी किनवटकडच्या तांड्यावर म्हातारं माणूस पहाटे उठतं आणि तोंड वाकडं झालेलं तेव्हा दिसतं. झटका रात्री कधी आला, हे कोण सांगणार?

पुढचे महिने राहिले घरच्यांवर. घरच्यांनाच व्यायाम शिकवले तर भागेल का, हे भारतातल्या १४ रुग्णालयांत सुमारे १,२५० रुग्णांवर तपासलं गेलं. निष्कर्ष २०१७ साली आले. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी झालेले, घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या दोन्ही गटांत सारखेच होते, ४७ टक्के. मला यात घरच्यांचा दोष दिसत नाही. फिजिओथेरपी हे शिकून करायचं काम आहे. घोट नीट गिळता येतोय का हे न बघता पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जातं. लुळा हात धरून ओढलं तर खांदा सांध्यातून निसटतो, त्याचं दुखणं महिनोन्‌महिने सरत नाही. हे कागदावर लिहून दिलं तरी रोज बघायला कुणीतरी लागतं.

आणि बीडकडं दसरा-दिवाळी झाली की घरातलं तरणं जोडपं कोयता घेऊन ऊसतोडीला जातं, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. मागं राहतात आजा-आजी, फार तर एखादं शाळेतलं नातवंड. आज्याला उठवून बसवण्याएवढं बळ आजीत नसतं. ती शेजारच्या पोराला हाक मारते. पोरगं धावत येतं, आणि जो हात आधी सापडेल तो धरून ओढतं.