ऑगस्टमधले यार्ड आणि फळीतले स्थान : नवोदित रनिंग बॅकच्या मूल्यमापनाची पार्श्वभूमी

फँटसी फुटबॉलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या खऱ्या खेळाडूंचे आपापले संघ करून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याच्या खेळाचे, बहुतेक ड्राफ्ट (खेळाडू वाटून घेण्याच्या बैठका) ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत नवोदित रनिंग बॅकविषयी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूविषयी, हाताशी असलेला पुरावा सर्वांत तोकडा असतो. जुन्या खेळाडूंच्या मागे आधीच्या हंगामांचे आकडे उभे असतात; रुकीकडे, म्हणजे पहिल्याच वर्षाच्या खेळाडूकडे, मात्र महाविद्यालयातली कामगिरी, लीगच्या (एनएफएलच्या) ड्राफ्टमध्ये संघांनी त्याला निवडले ती फेरी आणि प्रीसीझनचे, म्हणजे हंगामाआधीचे, दोन-तीन सराव सामने एवढीच शिदोरी असते. यांपैकी प्रीसीझनला किती वजन द्यायचे यावर अनेक वर्षे वाद चालू आहे. तो समजून घ्यायचा तर प्रीसीझन कसा आक्रसत गेला हे आधी पाहावे लागते, कारण आज रुकी ज्या निकषांवर तोलले जातात त्यांतले बरेचसे त्या आक्रसण्यातूनच आले आहेत.

फँटसी फुटबॉलचे नियम १९६२ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात लिहिले गेले आणि पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये आठ संघांच्या फँटसी लीगचा पहिला ड्राफ्ट झाला. त्या काळी प्रीसीझन ऐसपैस होता. १९७८ मध्ये नियमित हंगाम १४ सामन्यांवरून १६ वर गेला आणि प्रीसीझनचे सामने सहावरून चारवर आले. या चार सामन्यांना पुढे एक ठरावीक लय आली: पहिल्यात मुख्य खेळाडू एखाद-दुसऱ्या चढाईपुरते, दुसऱ्यात थोडे अधिक, तिसऱ्यात जवळजवळ अर्धा सामना, आणि चौथा सामना संघात जागा मिळेल की नाही याची खात्री नसलेल्यांसाठी. तिसऱ्या सामन्याला रंगीत तालमीचा मान होता, आणि फँटसी खेळणारे आपला ड्राफ्ट त्या सामन्यानंतर ठेवता आला तर ठेवत.

त्या काळातले एक उदाहरण आजही सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये डेन्व्हरचा संघ प्रीसीझनच्या सामन्यासाठी टोकियोला गेला होता. सहाव्या फेरीत, एकूण १९६ व्या क्रमांकावर निवडलेला त्यांचा रुकी रनिंग बॅक संघात टिकेल अशी फारशी अपेक्षा नव्हती. प्रशिक्षकांच्या नजरेत तो आला तो चेंडू घेऊन धावताना नव्हे, तर किकऑफनंतर खाली धावत जाऊन चेंडू परत आणणाऱ्या खेळाडूला दिलेल्या एका जबरदस्त धडकेने. त्या हंगामात तो १,११७ यार्ड धावला आणि तीन वर्षांनी त्याने एका हंगामात २,००० यार्डांचा टप्पा ओलांडला. ज्या एका क्षणाने त्याचे स्थान पक्के केले, तो फँटसी खेळणारा जे आकडे वाचतो त्यांतल्या कुठल्याही रकान्यात बसणारा नव्हता.

जुना साचा मोडायला २०११ हे वर्ष कारणीभूत ठरले. त्या वर्षीच्या कामगार करारानंतर पूर्ण साहित्य चढवून दिवसातून दोनदा सराव घेणे बंद झाले आणि अंगावर येणाऱ्या सरावांवर मर्यादा आल्या. सराव कमी झाला, तसा मुख्य खेळाडूंना जपण्याकडे कल वाढला. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका संघाने आपली पहिली फळी, म्हणजे सामना सुरू करणारे मुख्य खेळाडू, प्रीसीझनमध्ये जवळजवळ मैदानात उतरवलीच नाही, आणि तोच संघ त्या हंगामाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्यानंतर हा मार्ग इतरांनाही निर्धोक वाटू लागला. २०२० मध्ये महासाथीमुळे प्रीसीझन झालाच नाही. २०२१ पासून नियमित हंगाम १७ सामन्यांचा आणि प्रीसीझन तीन सामन्यांचा झाला, आणि रंगीत तालमीचा सामना म्हणून ठामपणे दाखवता येईल असा सामनाच उरला नाही. दोन संघांनी एकत्र येऊन केलेल्या सरावांना आता प्रशिक्षक सामन्यांइतकेच, कधी त्याहून जास्त महत्त्व देतात, पण ते सराव घरी बसलेल्या प्रेक्षकाला सहसा दिसत नाहीत. तिथे कोण कोणाबरोबर खेळला हे वार्ताहरांच्या टिपणांतूनच कळते.

याच काळात रनिंग बॅकचा भावही उतरला होता. २०१३ च्या लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. पन्नास वर्षांत असे पहिल्यांदाच घडले होते. २०१४ मध्ये तेच झाले, आणि पुढे २०२२ व २०२४ मध्येही. पहिल्या फेरीत, विशेषतः वरच्या दहांत निवडलेल्या रनिंग बॅकला काम मिळणार हे उघड असते, तिथे प्रीसीझनकडे पाहण्याची फारशी गरज पडत नाही. २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या न्यूयॉर्कच्या रुकीने प्रीसीझनमधल्या पहिल्याच कॅरीवर (चेंडू घेऊन केलेल्या धावेवर) ३९ यार्ड काढले, पुढच्या चार कॅरींत मिळून चार काढले, आणि मग स्नायू दुखावल्याने तो बाहेरच बसला. हंगामात मात्र त्याने धावण्याचे आणि पास झेलण्याचे मिळून २,०२८ यार्ड केले. खरा पेच दुसऱ्या फेरीपासून खालच्या खेळाडूंचा असतो, कारण ते अशा बॅकफील्डमध्ये (रनिंग बॅकच्या गटात) येतात जिथे आधीच दोघे-तिघे काम वाटून घेत असतात.

नुसत्या यार्डांनी डोळे दिपल्याचे ठळक उदाहरण २०१५ चे. डेट्रॉइटच्या दुसऱ्या फेरीतल्या रुकीने पहिल्या प्रीसीझन सामन्यात सात कॅरींत ६७ यार्ड काढले, त्यात ४५ यार्डांची एकच धाव होती. ती चित्रफीत सगळीकडे फिरली आणि त्याचा एडीपी (फँटसी ड्राफ्टमधला सरासरी निवड-क्रमांक) वर सरकत गेला. पूर्ण हंगामात त्याला १४३ कॅरी मिळाल्या आणि ५९७ यार्ड झाले. या उदाहरणातून पुष्कळांनी असा धडा घेतला की यार्ड सोडून द्यावेत आणि पहिल्या फळीबरोबर कोण खेळतो तेवढेच पाहावे. हा धडा बरोबर आहे, पण अपुरा आहे, हे तीन वर्षांनी डेन्व्हरमध्ये दिसले. तिथल्या तिसऱ्या फेरीतल्या रुकीने २०१८ च्या पहिल्या तिन्ही प्रीसीझन सामन्यांत एकेक टचडाउन केला (चेंडू गोलरेषेपार नेला) आणि पहिल्या फळीतली जागाही मिळवली. हंगामाच्या पहिल्या सामन्यात त्याने १५ कॅरींत ७१ यार्ड काढले. त्याच सामन्यात त्याच संघाच्या, ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेल्या दुसऱ्या रुकीनेही १५ कॅरींत ७१ यार्डच काढले, आणि शिवाय पास झेलून एक टचडाउन केला. हंगाम संपला तेव्हा पहिल्याचे ५२१ यार्ड होते, दुसऱ्याचे १,०३७. सामना कोण सुरू करतो आणि कामातला किती वाटा कोणाकडे जातो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्टमध्ये पहिली दिसते, दुसरीचा अंदाजच करावा लागतो.

२०१७ ने या विचाराला आणखी एक बाजू दिली. कॅन्सस सिटीने तिसऱ्या फेरीत निवडलेला रुकी अनुभवी खेळाडूच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर होता. प्रीसीझनच्या तिसऱ्या सामन्यात, सिएटलमध्ये, त्या अनुभवी खेळाडूच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि एका रात्रीत रुकीचा भाव कित्येक जागा वर गेला. हंगामाच्या पहिल्या सामन्यात पहिल्याच कॅरीवर त्याच्या हातून चेंडू सुटला, आणि त्यानंतर त्याने एकूण २४६ यार्ड आणि तीन टचडाउन केले. वर्षअखेर १,३२७ यार्डांसह तो लीगमध्ये धावण्यात पहिला आला. ऑफिसच्या फँटसी लीगचे ड्राफ्ट सगळ्यांच्या सोयीने एखाद्या शनिवार-रविवारी ठरतात, न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी मंडळींनाही हे चांगले ठाऊक आहे. त्या वर्षी सिएटलच्या सामन्याआधी ड्राफ्ट उरकलेल्या लीगमध्ये हा खेळाडू ज्याला मिळाला, त्याला तो फार स्वस्तात मिळाला. त्याच फेरीत न्यू ऑर्लिन्सने घेतलेल्या रुकीने प्रीसीझनमध्ये ५० यार्डांची टचडाउन धाव घेतली होती, पण त्याच्यापुढे दोन मातब्बर असल्याने तो खालीच राहिला. त्याला हंगामभरात १२० कॅरीच मिळाल्या, मात्र त्याने ८१ पास झेलले. झेललेल्या प्रत्येक पासला गुण देणाऱ्या लीगमध्ये रुकी तोलताना किती कॅरी मिळतील एवढेच पाहून चालत नाही, हे त्या हंगामाने दाखवले.

२०२० मध्ये प्रीसीझनच नव्हता, त्यामुळे त्याच्याविना निर्णय कसे होतात याची परीक्षा आपोआप झाली. कॅन्सस सिटीने त्या वर्षी पहिल्या फेरीच्या अगदी शेवटच्या, ३२ व्या क्रमांकावर रनिंग बॅक घेतला होता. जुलैच्या अखेरीस तिथल्या अनुभवी खेळाडूने महासाथीमुळे हंगामातून माघार घेतली, आणि रुकी फँटसी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत जाऊ लागला. त्याने पहिल्या सामन्यात १३८ यार्ड काढले, पण हंगामाअखेर ८०३ यार्ड आणि धावून केलेले चारच टचडाउन एवढ्यावर तो थांबला. तिकडे जॅक्सनव्हिलने ३१ ऑगस्टला आपल्या मुख्य रनिंग बॅकला सोडून दिले आणि लीगच्या ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या रुकीच्या हाती चेंडू आला. त्याने १,०७० यार्ड धाव घेतली. दोन्ही ठिकाणी भाव हलला तो पुढच्या माणसाच्या जाण्याने, रुकीने मैदानावर काही करून दाखवल्याने नव्हे.

आता ज्या प्रश्नावर सर्वाधिक वाद होतो तो हा: तंदुरुस्त रुकीला प्रशिक्षकाने प्रीसीझनच्या सामन्यात खेळवलेच नाही, तर ते त्याच्या बाजूने मोजायचे का? यातली पाठ्यपुस्तकासारखी घटना २०२२ ची, ह्यूस्टनची. चौथ्या फेरीत, १०७ व्या क्रमांकावर निवडलेल्या रुकीने पहिल्या प्रीसीझन सामन्यात पाच कॅरींत ४९ यार्ड काढले. दुसऱ्या सामन्यात तो तंदुरुस्त असूनही बाहेर ठेवला गेला. तिसऱ्या सामन्यात तो परत आला, त्याने सहा कॅरींत ३७ यार्ड आणि एक टचडाउन केला, आणि त्याचे काम झाले. एकूण ११ कॅरी. महिनाअखेर त्याच्या स्पर्धेतल्या एका अनुभवी खेळाडूला संघाने सोडले. जाणकारांनी ४९ आणि ३७ या आकड्यांपेक्षा मधल्या सामन्यातल्या शून्याला जास्त महत्त्व दिले: ज्याची जागा ठरली त्यालाच जपतात, हा तर्क होता आणि तो सशक्त होता. रुकीचा एडीपी वेगाने चढला. मग हंगामाच्या पहिल्या सामन्यात त्याला ११ कॅरींत ३३ यार्ड मिळाले, आणि संघातल्या दुसऱ्या अनुभवी खेळाडूने त्याच्याहून जास्त कॅरी घेतल्या, पासही झेलले. त्या संध्याकाळी विश्रांतीचा तर्क फोल ठरल्याचे बोलले गेले. चौथ्या आठवड्यात त्याच रुकीने ७५ यार्डांची टचडाउन धाव घेतली, आणि १३ सामन्यांत त्याचे ९३९ यार्ड झाले.

माझ्या मते या घटनेत तर्क चुकला नव्हता, त्याची व्याप्ती चुकीची धरली गेली होती. खेळाडूला जपले याचा अर्थ प्रशिक्षकाला तो हवा आहे एवढाच होतो. पहिल्याच आठवड्यापासून तिसऱ्या डाउनवर (चढाईतल्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात) आणि शेवटच्या दोन मिनिटांत तोच मैदानावर असेल, असा अर्थ त्यातून निघत नाही. ते काम बहुधा पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवण्यावर ठरते, म्हणजे ब्लिट्झ (त्याच्यावर जादा खेळाडूंनी केलेला हल्ला) ओळखून धावून येणाऱ्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावफळीतल्या खेळाडूला, छाती भिडवून अडवण्यावर. प्रीसीझनमध्ये बचाव करणारे संघ आपले डावपेच झाकून ठेवतात, अवघड ब्लिट्झ फारसे दाखवत नाहीत, त्यामुळे रुकी या कामात कच्चा आहे की पक्का हे तिथे नीट कळत नाही. जे कळू शकते त्याकडेही धावांच्या चित्रफिती पाहणारे दुर्लक्ष करतात: दुसऱ्या डाउननंतर रुकी बाहेर आला का, त्याच्या जागी कोण आत गेला, आणि त्या वेळी क्वार्टरबॅक पहिल्या फळीचाच होता का. सामना पुन्हा पाहून एवढ्या तीन गोष्टी कागदावर टिपल्या, तर ह्यूस्टनच्या पहिल्या आठवड्याने कोणाला इतका धक्का बसला नसता.

विश्रांतीचा अर्थ नेमका उलटाही असू शकतो, हे २०२५ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनने दाखवले. तिथला अनुभवी मुख्य रनिंग बॅक एका प्रीसीझन सामन्यात खेळला नाही, आणि कारण जपणूक नव्हती. संघ त्याच्यासाठी गिऱ्हाईक शोधत होता. काही दिवसांतच तो सॅन फ्रान्सिस्कोला दिला गेला आणि सातव्या फेरीत, २४५ व्या क्रमांकावर निवडलेल्या रुकीचे नाव फँटसी ड्राफ्टच्या याद्यांत झपाट्याने वर आले. त्याच महिन्यात लास व्हेगासच्या सहाव्या क्रमांकावर निवडलेल्या रुकीने पहिल्या प्रीसीझन सामन्यात तीन कॅरींत उणे एक यार्ड काढला होता, आणि तरीही तो वरच्या फेऱ्यांतच निवडला जात राहिला, कारण त्याच्या वाट्याच्या कामाबद्दल कोणाला शंका नव्हती. वॉशिंग्टनच्या रुकीने हंगामाच्या पहिल्या सामन्यात १० कॅरींत ८२ यार्ड आणि एक टचडाउन केला, तोही त्याच्याबरोबर काम वाटून घेणारा अनुभवी जोडीदार बॅकफील्डमध्ये असताना.