नवीन राउटर घ्यायच्या आधी दोन मिनिटं हे वाचा

नमस्कार मंडळी,

दुकानात येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, प्लॅन दोनशे एमबीपीएसचा आहे पण बेडरूममधे रेंजच येत नाही, एक भारीतला राउटर द्या. देतो की, धंदाच आहे आमचा तो, पण दर वेळी दोष राउटरचा नसतो आणि हजारो रुपये घालून तीच बोंब राहिली की शिव्या आम्हालाच बसतात, म्हणून हे लिहून काढलं.

मुळात वायफाय एवढं पसरलं कशामुळे, तर त्याच्या लहरी फुकट आहेत म्हणून. मोबाईल कंपन्या स्पेक्ट्रमच्या, म्हणजे या लहरींच्या, लिलावात हजारो कोटी मोजतात, वायफायला लायसन्सच लागत नाही. अमेरिकेत १९८५ साली सरकारने लहरींचे काही पट्टे बिनलायसन्स वापरायला मोकळे केले, त्यातला एक २.४ गिगाहर्ट्झचा, जिथे मायक्रोवेव्ह ओव्हन वगैरे चालायचे, म्हणजे रेडिओवाल्यांच्या लेखी पडीक जमीनच. १९९७ ला वायफायचं पहिलं स्टँडर्ड, म्हणजे सगळ्या कंपन्यांसाठी सारखे नियम, आलं, स्पीड फक्त २ एमबीपीएस. १९९९ ला ११ एमबीपीएसवालं आलं आणि त्याच वर्षी जुलैत अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सने स्टेजवर आयबुक हा लॅपटॉप चालू ठेवून सर्कशीतल्यासारखा एका रिंगमधून आरपार नेला, की बघा, वायर कुठेच नाही. बेस स्टेशन, म्हणजे त्यांचा राउटर, २९९ डॉलर आणि लॅपटॉपमधलं कार्ड ९९ डॉलर, त्या काळी हे स्वस्त म्हणायचे! मग मार्च २००३ मधे चिप बनवणाऱ्या इंटेलने लॅपटॉपसाठी सेंट्रिनो आणलं, वायफाय लॅपटॉपच्या आतच आलं आणि वेगळं कार्ड घ्यायची भानगड संपली. आमच्या मते बाजार फिरला तो इथे, कारण गिऱ्हाइकाच्या हातात वायफायवाला लॅपटॉप असेल तरच हॉटेलवाला राउटर लावणार ना.

आपल्याकडे २.४ चा पट्टा जानेवारी २००५ मधे लायसन्समुक्त झाला. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला गुगल आणि रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं फुकट वायफाय सुरू झालं. पुढे स्वस्त फायबर आलं, २०२० चा लॉकडाऊन आला, एका घरात दोघांचं ऑफिस आणि पोरांची शाळा सगळं एकाच डब्यावर, तेव्हापासून वायफाय म्हणजे नळाच्या पाण्यासारखं झालंय, गेलं की आरडाओरडा.

आता गोची इथेच आहे. रस्ता फुकट, त्याला टोल नाही आणि ट्रॅफिक पोलीसही नाही. २.४ वर चॅनल, म्हणजे रस्त्यातल्या लेन म्हणा, १३ दिसतात खरे पण एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. मागे एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर गेलो होतो, काका म्हणाले संध्याकाळी सातनंतर सिरीयल नुसती गोल गोल फिरते. हॉलमधे उभं राहून फोनवर स्कॅन केलं तर ३१ नेटवर्क, त्यातली निम्मी चॅनल ६ वर, आणि काकांचा राउटर टीव्हीच्या मागे, बाजूला लोखंडी कपाट. राउटर काढून पॅसेजमधे उंचावर लावला, टीव्ही वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर घेतला, विकलं काहीच नाही, दहा मीटर केबल तेवढी लागली. काकूंनी चहा दिला.

५ गिगाहर्ट्झवर चॅनल भरपूर आणि गर्दी कमी, पण भिंत आली की दमतं, त्यातून जुन्या वाड्याची दगडी भिंत किंवा आरसीसी असेल तर विचारूच नका. अशा घरात राउटर कितीही शिंगांचा घ्या, पलीकडच्या खोलीत रेंज नाही म्हणजे नाही. तिथे लॅन केबल ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे त्या खोलीत वायफाय देणारा वेगळा डबा, लावणं हाच उपाय. प्लगमधे खोचायचा, सिग्नल पुढे ढकलणारा स्वस्त रिपीटर आम्ही ठेवतो पण मनापासून सांगत नाही, तो त्याच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर बोलतो म्हणून स्पीड साधारण निम्मा होतो.

वायफाय ७ चं, म्हणजे वायफायच्या नव्या पिढीचं, विचाराल तर, सर्टिफिकेट द्यायला जानेवारी २०२४ मधे सुरुवात झाली, माल चांगलाच आहे, पण प्लॅन शंभरचा आणि फोन पाच वर्षं जुना असेल तर घाई करू नका. क्लास, हॉस्टेल, दवाखाना असेल, एका वेळी चाळीस-पन्नास फोन जोडले जात असतील तर मात्र घरगुती राउटरवर भागवू नका, तो बिचारा हँग होणारच.

आणि हो, पासवर्ड मोबाईल नंबरच ठेवलाय ना? बदला.

आम्हाला बोलवायच्या आधी एक करून ठेवा. राउटरजवळ उभं राहून एकदा स्पीड टेस्ट, मग जिथे अडकतं तिथे एकदा, दोन्हीचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. राउटरजवळच स्पीड कमी असेल तर आधी नेटवाल्याला फोन लावा, आमची व्हिजिट फी वाचेल. शिडी आणि ड्रिल आमची, माळ्यावरचं सामान तेवढं तुम्ही बाजूला करून ठेवा.