आल्प्सचे घाट आणि जुन्या गाड्या: रस्त्यांमागची दोनशे वर्षे

क्लासिक कारने आल्प्स ओलांडायचा बेत आखताना बहुतेक जण आधी खिंडींची उंची पाहतात. खरे तर आधी पाहायला हवे ते हे, की रस्ता बांधला कोणासाठी. घोड्यांसाठी बांधलेला घाट आणि मोटारींसाठी बांधलेला घाट यांचा स्वभाव वेगळा असतो आणि जुन्या गाडीला तो फरक पहिल्या दोन किलोमीटरमध्येच कळतो.

सिंप्लॉनचा रस्ता (2,005 मीटर) नेपोलियनने 1801 ते 1805 या काळात तोफा इटलीत उतरवता याव्यात म्हणून बांधून घेतला. आज इटलीत असलेला स्टेल्व्हिओ (2,757 मीटर) हे ऑस्ट्रियन साम्राज्याचे काम. नव्याने हाती आलेल्या लोंबार्दीला टायरॉलशी जोडण्यासाठी अभियंता कार्लो दोनेगानी याने 1820 ते 1825 या पाच वर्षांत तो पुरा केला. 1859 मध्ये लोंबार्दीच हातची गेली आणि रस्त्याचा मूळ हेतू संपला, पण आखणी तीच राहिली. प्रातो गावाकडून माथ्यापर्यंत सुमारे 24 किलोमीटर, 48 हेअरपिन वळणे, 1,800 मीटरचा चढ. सरासरी काढली तर जेमतेम साडेसात टक्के. घोड्यांना झेपेल एवढाच चढ ठेवायचा तर रस्ता लांबवावा लागतो, आणि उभ्या डोंगरात लांबवायचा तर वळणांवर वळणे घालावी लागतात.

म्हणून स्टेल्व्हिओवर जुन्या गाडीला चढापेक्षा वळणे जड जातात. 1950-60 च्या दशकांतल्या अनेक गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर अलगद पडावा म्हणून असलेली यंत्रणा) नसतो. वळणात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये दम टाकते आणि चालत्या गाडीत पहिला पडत नाही, नुसता करकरतो. वळण सुरू होण्याआधीच डबल क्लच करून (क्लच दोनदा दाबून, मध्ये न्यूट्रलमध्ये गॅस देऊन) पहिला टाकावा. मागून गाड्यांची रांग लागली असली तरी घाई करू नये.

याच्या नेमके उलटे टोक म्हणजे ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर. फ्रांत्स वालाक या अभियंत्याने तो मोटारी डोळ्यांसमोर ठेवूनच आखला. मंदीच्या काळात, 1930 मध्ये काम सुरू झाले आणि 3 ऑगस्ट 1935 रोजी रस्ता खुला झाला. दुसऱ्याच दिवशी त्यावर मोटारींची शर्यतही झाली. 48 किलोमीटर, 36 वळणे, वळणे ऐसपैस, पण चढ 12 टक्क्यांपर्यंत. इथे सुकाणू हलके वाटते आणि कस लागतो तो ब्रेकचा. स्वित्झर्लंडमधला सुस्टेन (2,224 मीटर) 1946 मध्ये खुला झाला. तोही मोटारींसाठीच आखलेला, आणि आल्प्समध्ये पहिल्यांदाच जुनी गाडी नेणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.

मोटारींचे स्वागत सगळीकडे झाले असे मात्र नाही. ग्राउब्युंडेन या स्विस प्रांताने 1900 मध्ये मोटारींवर बंदी घातली. बंदी उठवावी का, यावर पुन्हा पुन्हा मतदान झाले आणि शेवटी 1925 मध्ये कौल मोटारींच्या बाजूने लागला. बेर्निना, युलियर, फ्ल्युएला हे आज क्लासिक कारवाल्यांचे लाडके घाट, तोवर मोटारींना बंद होते.

गाडी कशी बांधावी हेही या घाटांनीच शिकवले. 1912 च्या ऑस्ट्रियन आल्पाइन ट्रायलमध्ये जेम्स रॅडलीची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट काट्शबेर्गच्या चढावर अडली, कारण तिला तीनच गिअर होते. पुढच्या वर्षी कंपनी चार गिअरच्या गाड्या घेऊन आली आणि स्पर्धेवर छाप पाडून गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधल्या आल्पाइन रॅलीत एकही दंडगुण न घेणाऱ्याला ‘कूप देझाल्प’ हा चषक मिळे. दिएपच्या जाँ रेदेले यांनी 1955 मध्ये स्वतःच्या मोटार कंपनीला ‘आल्पिन’ हे नाव दिले ते याच रॅलीतल्या यशामुळे.

आता उतार. हजार किलोची गाडी 1,800 मीटर खाली आणताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात साधारण 50 लिटर गार पाणी उकळेल. ती सगळी ड्रम ब्रेकवर टाकली तर दोन वेगळे बिघाड होतात आणि ते ओळखता यायला हवेत. पेडल कडक लागते पण गाडी थांबत नाही, तेव्हा लायनिंग तापून फेड झालेले, म्हणजे त्याची पकड गेलेली असते. पेडल मऊ पडून खाली जाते, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून नळ्यांत वाफ झालेली असते. नवे डॉट 4 दर्जाचे ब्रेक ऑइल 230 अंशांपर्यंत टिकते, पण हवेतली ओल शोषल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत घसरते. म्हणून निघण्याआधी ते बदलावेच. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे आणि ब्रेक थोडा वेळ जोरात दाबून पूर्ण सोडावा, पाय सतत टेकवून ठेवू नये. ड्रम तापलेले असताना हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

उंचीचा त्रास वेगळाच. 2,700 मीटरवर पाणी 91 अंशांच्या आसपास उकळते, म्हणजे 88 अंशांना उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या थर्मोस्टॅटला जवळजवळ वावच उरत नाही. 7 पौंड दाबाची रेडिएटर कॅप साधारण 12 अंशांची सवड देते, पण तिचे रबर शाबूत असेल तरच. कॅपची किंमत किरकोळ आहे, नवीच बसवावी. चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला तर हीटर पूर्ण उघडावा. माथ्यावर पोचताच इंजिन बंद करू नये, मिनिट-दोन मिनिटे चालू ठेवावे. नाहीतर पाण्याचा पंप आणि पंखा थांबतात, सगळी उष्णता वर चढते आणि पेट्रोल गाडीच्या इंधन पंपात किंवा नळीतच वाफाळते. मग गाडी सुरूच होत नाही. बॉनेट उघडून इंधन पंपावर ओले फडके टाकावे, अर्ध्या तासाने बहुधा सुरू होते. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने हा त्रास वाढला आहे.

हवा विरळ झाली की मिश्रण रिच होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते, आणि ताकद सुमारे चौथाईने घटते. एसयू एचएस प्रकारचा कार्बोरेटर असेल तर जेटचा नट एक-दोन फ्लॅट (नटाची एक बाजू म्हणजे एक फ्लॅट) वर फिरवून मिश्रण लीन, म्हणजे कमी पेट्रोलचे, करता येते. मुक्काम खाली असेल तर उतरण्याआधी तो परत जागेवर आणायचा, कारण सपाटीवर लीन चाललेले इंजिन तापते आणि व्हॉल्व्ह जाळते.

एका दिवसात 200 किलोमीटर पुष्कळ झाले. सुस्टेन, ग्रिम्झेल आणि फुर्का यांचा आंडरमाटहून फेरा सुमारे 120 किलोमीटरचा, त्यालाही सबंध दिवस द्यावा. स्विस पोस्ट रस्त्यांवर निळ्या फलकावर पिवळे शिंग दिसले की पोस्टाची बस आधी जाणार. तिचा चालक सांगेल तसे मागे घ्यावे लागते. उंच खिंडी साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत भरवशाच्या, तरी ऑगस्टमध्येही बर्फ पडू शकतो. त्यामुळे रोजच्या मार्गाला एक बोगदा पर्याय म्हणून लिहून ठेवावा. गोटहार्डखाली 1980 पासून 16.9 किलोमीटरचा आहे. वर खिंडीतला जुना त्रेमोला रस्ता दगडी फरसबंदीचा, पावसात फार निसरडा. त्या दिवशी बोगदाच धरावा.