एकच कनेक्शन, दोन जुने कॉम्प्युटर : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बाहेरच्या खोलीत दुकानाच्या हिशेबाचा कॉम्प्युटर असतो, आतल्या खोलीत मुलीच्या अभ्यासाचा. दोन्ही दहा-बारा वर्षांचे. नेट एकावर चालते, दुसऱ्यावर येत नाही. मग ग्राहक आमच्याकडे येतात आणि विचारतात, "भाऊ, दुसरे कनेक्शन घेऊन टाकू का?" कोणी अहिराणीत एवढेच सांगतो, "नेट शे, पन चालत नही."

दुसरे कनेक्शन घेऊ नका. नवा कॉम्प्युटरही लगेच घेऊ नका. बहुतेक घरांत लागणारी वस्तू, म्हणजे राउटर, आधीच भिंतीवर लटकलेली असते, फक्त तिच्यापासून दुसऱ्या कॉम्प्युटरपर्यंत नीट वायर गेलेली नसते.

पाटकरी कोण?

धुळे जिल्ह्यातल्या साक्री-पिंपळनेरकडच्या मंडळींना पाणीवाटपाची फड पद्धत समजावून सांगावी लागत नाही. पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यातून पाट निघतो आणि कोणत्या फडाला पाणी कधी सोडायचे ते पाटकरी बघतो. घरातला राउटर हा असाच पाटकरी आहे. नेटच्या कंपनीकडून तुमच्या घराला एकच पत्ता (आयपी ॲड्रेस) मिळतो. राउटर तो स्वतःकडे ठेवतो आणि घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला आतला वेगळा पत्ता देतो : एकाला १९२.१६८.१.२, दुसऱ्याला १९२.१६८.१.३. कोणी काय मागितले याची तो नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्यालाच पोचवतो.

फायबरचे कनेक्शन असेल तर कंपनीने बसवलेला डबाच बहुतेक वेळा राउटरही असतो. त्याच्या मागे 'लॅन' लिहिलेली, कॉम्प्युटरची वायर लावायची एकापेक्षा जास्त छिद्रे दिसली तर वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही. एका छिद्रातून एक कॉम्प्युटर, दुसऱ्यातून दुसरा. मागे एकच छिद्र असेल तर आधी आम्हाला डबा दाखवा. काही जण बाजारातून 'स्विच' आणून लावतात. स्विच म्हणजे नुसत्या चाऱ्या (छोटे पाट), त्यात पाटकरी नाही. डबा राउटरचे काम करत नसेल तर स्विच लावूनही नेट एकाच कॉम्प्युटरला मिळते आणि दुसरा वाट बघत बसतो. डबा राउटरचे काम करत असेल आणि फक्त छिद्रे कमी पडत असतील, तर मात्र स्विच चांगला.

वेगाची काळजी नको. ४० एमबीपीएसचा (सेकंदाला ४० मेगाबिटचा) प्लॅन म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट. स्वच्छ चित्राचा व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएस घेतो. एकीकडे मुलीचे लेक्चर आणि दुसरीकडे सातबारा किंवा पीक विम्याचा अर्ज, एवढ्याला ४० भरपूर होतात. उलट जुन्या कॉम्प्युटरचे लॅन कार्ड (नेटची वायर जिथे लागते तो भाग) बऱ्याचदा १०० एमबीपीएसच्या पुढे जातच नाही. त्याच्यासाठी २०० चा प्लॅन घेऊन पैसे घालवू नका.

वायफाय की वायर?

आमचे मत स्पष्ट आहे : जुन्या कॉम्प्युटरला वायर. खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात. उन्हाळ्यात त्या घर थंड ठेवतात, पण वायफायही अडवतात. पत्र्याची भिंत, लोखंडी कपाट, पत्र्याचा कूलर मध्ये आला तरी तेच. मोबाइल हातात घेऊन चार पावले पुढे सरकता येते, टेबलावरचा कॉम्प्युटर सरकत नाही.

वायर 'कॅट ५ ई' किंवा त्यावरची घ्या. ती १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे कोणत्याही वाड्याला पुरते. तांब्याचीच मागा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली वायर स्वस्त मिळते, पण वाकवताना तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. अंगणातून किंवा गच्चीवरून न्यायची असेल तर बाहेर वापरायची काळ्या वेष्टनाची घ्या. आपल्याकडच्या उन्हात घरात वापरायची साधी वायर फार टिकत नाही, वेष्टन तडकते आणि पावसाळ्यात आत पाणी जाते. विजेच्या वायरसोबत एकाच पट्टीतून ती ओढू नका. मध्ये तुटली तर पीळ देऊन टेप गुंडाळू नका, जोडणीचा कपलर मिळतो तो लावा.

उंदरांनी कुरतडलेली वायर आम्ही दर पावसाळ्यात बदलतो. एक गमतीची गोष्ट अशी की वायरीत आठ तारा असल्या तरी १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात. म्हणून अर्धी कुरतडलेली वायरही कधी कधी चालू राहते आणि घरच्यांना कळत नाही. कॉम्प्युटर नवा असून १०० च्या वर जात नसेल तर आधी वायर तपासा.

रोहिणी-मृगाच्या गडगडाटात एका घरातून दुसऱ्या घरात गेलेली वायर दोन्ही टोकांना काढून ठेवा. वीज जवळ पडली तरी लॅन कार्ड आणि राउटर दोन्ही जळू शकतात. डब्याचे बटण बंद करून भागत नाही, वायर हातानेच काढायला हवी. आमच्याकडे असे जळालेले राउटर येतात तेव्हा दुरुस्त होण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

वायर ओढणे शक्यच नसेल तर यूएसबीचे वायफाय डोंगल लावा. वायफाय २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालते. जुन्या कार्डांना ५ चे नेट दिसत नाही, म्हणून राउटरमध्ये २.४ चे नाव वेगळे ठेवा. त्याच २.४ च्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा. वायफायच्या पासवर्डची सुरक्षा 'डब्ल्यूपीए २' असू द्या. नुसती 'डब्ल्यूपीए ३' ठेवली तर जुना लॅपटॉप जोडलाच जात नाही.

एक चालू केला की दुसरा बंद पडतो

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि लोक कंपनीवर चिडतात. बहुतेक वेळा दोष घरातच असतो. पूर्वी केबलवाल्याचे नेट घेताना कॉम्प्युटरमध्ये पत्ता हाताने भरून देत. तोच आकडा दोन्हीकडे भरलेला राहिला तर दोघे एकमेकांना अडवतात. विंडोजमध्ये लॅनच्या सेटिंगमध्ये 'ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली' निवडा आणि पत्ता वाटायचे काम राउटरवर सोडा. वायर, कार्ड, कंपनी काहीही न बदलता काम होते. खाली डीएनएसलाही (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) ऑटोमॅटिक करायला विसरू नका.

दुसरी फसवी तक्रार : नेट आहे, पण एकही साइट उघडत नाही, 'सुरक्षित नाही' असे येते. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघा. २००९ किंवा २०१२ दिसली तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. तिचा नंबर बहुधा सीआर २०३२ असतो. लाइट गेले की तारीख मागे जाते आणि साइटची सुरक्षा-प्रमाणपत्रे खोटी वाटू लागतात. ही बॅटरी अगदी स्वस्त असते. ती बदला, तारीख लावा.

राउटर फ्रिजवर किंवा बंद कपाटात ठेवू नका. मे महिन्यात पारा चाळीशीच्या वर गेला की बंद जागेतला डबा आधीच तापलेला असतो, मग तो दुपारी दोनला बंद पडतो आणि रात्री नीट चालतो.

राउटर नसेलच तर

एका कॉम्प्युटरमध्ये दोन लॅन कार्डे बसवून त्याच्यामार्फत दुसऱ्याला नेट देता येते. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. पण पहिला बंद केला की दुसराही बंद. अगदी जुनी कार्डे असतील तर मध्ये क्रॉस वायर (एका टोकाला तारांची अदलाबदल केलेली) लागते. आम्ही हे आता फक्त तात्पुरते काम भागवायला लावून देतो.

जुन्या विंडोजबद्दल खरे सांगतो

विंडोज एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. विंडोज १० चीही सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालत असेल तर तो कॉम्प्युटर राहू द्या, पण त्याची नेटची वायर काढून घ्या आणि डेटा दर आठवड्याला पेनड्राइव्हवर उतरवा. त्यावर बँकेचा पासवर्ड टाकू नका, हे आम्ही हात जोडून सांगतो. दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरवर असतात, तेव्हा एकात शिरलेला व्हायरस वायरीतून दुसऱ्यात जाऊ शकतो. अभ्यासाच्या कॉम्प्युटरवर ४ जीबी रॅम असेल तर 'लिनक्स मिंट'ची हलकी आवृत्ती टाकून देतो. मराठी त्यात नीट दिसते आणि टाइपही होते.

दुकानात येताना मोबाइलमध्ये हे फोटो आणा : डब्याच्या मागची बाजू, दोन्ही कॉम्प्युटरच्या मागची बाजू आणि दोन खोल्यांमधली भिंत. सुतळीने डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंतचे अंतर, दारावरून वळसा धरून, मोजून आणा. त्यात दोन मीटर वाढवून तेवढीच वायर आम्ही कापून देऊ.