डिफॉल्ट: न विचारलेल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

वेबसाइट उघडली की मजकुराआधी परवानगीची पट्टी वर येते. ‘सर्व स्वीकारा’ भरगच्च रंगात. नकार द्यायचा असेल तर ‘अधिक पर्याय’ या फिकट अक्षरांवर बोट ठेवा, मग पुढच्या पानावर एकेक खटका बंद करत बसा. ही पट्टी आली कुठून, असे विचारले की ‘युरोपातला कायदा’ हे उत्तर ठरलेले असते. ते अर्धेच खरे आहे. कायदा आला तो त्याआधी रुजलेल्या एका सवयीमुळे. वापरणाऱ्याने काहीच निवडले नाही तर काय व्हायचे हे बनवणाऱ्याने ठरवून ठेवायचे, आणि पुढे त्यालाच वापरणाऱ्याची निवड म्हणायचे, अशी ती सवय. युजर एक्सपीरियन्सची, म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाची, चर्चा रंग, बटणे आणि ॲनिमेशनवरच रेंगाळते. रोजच्या जगण्याला खरे वळण देतो तो हा न दिसणारा निर्णय, म्हणजे डिफॉल्ट.

शब्दच मुळात अडचणीचा. मराठी वाचकाला ‘डिफॉल्ट’ म्हटले की आधी थकलेले कर्ज आठवते, ‘डिफॉल्टर’ म्हणजे हप्ते बुडवणारा. इंग्रजीतही मूळ अर्थ उणीव, चुकणे, हजर न राहणे हाच. प्रतिवादी कोर्टात आलाच नाही की एकतर्फी निकाल लागतो, त्यालाही तिकडे हाच शब्द आहे. संगणकात तो याच वाटेने आला: माणूस गैरहजर, तेव्हा निकाल यंत्र लावणार. आपल्याकडच्या भाषांतरांत कुठे ‘मूलभूत’ दिसतो, कुठे ‘पूर्वनिर्धारित’. दुसरा निदान कोणीतरी आधी ठरवले आहे एवढे तरी कबूल करतो. ‘मूलभूत’मुळे मात्र ते सेटिंग निसर्गाने दिल्यासारखे वाटते.

माणसाच्या सवयी ओळखून वस्तू घडवण्याच्या या शास्त्राची सुरुवात अगदी उलट हेतूने झाली होती. दुसऱ्या महायुद्धात काही बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिक पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, आत घ्यायला जाई आणि चाके आत घेऊन बसे. दोन्ही खटके शेजारी शेजारी, हाताला सारखेच लागणारे. १९४३ मध्ये हे प्रकरण ज्याच्याकडे आले त्या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना दोष दिला नाही. त्याने चाकांच्या खटक्यावर रबराचे छोटे चाक बसवायला सांगितले आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. बोटांना फरक कळू लागला. चाकाच्या आकाराची ती मूठ आजच्या प्रवासी विमानांतही आहे. १९४७ मध्ये ‘वैमानिकाची चूक’ मानल्या गेलेल्या ४६० प्रसंगांचा अभ्यास झाला, त्यातूनही हेच पुढे आले: थकलेला, घाईतला माणूस वाचत नाही, तुलना करत नाही, हात सवयीने जातो तिकडे जातो.

हे ज्ञान दोन्ही बाजूंनी चालते. माणूस कुठे चुकेल हे कळले की ती जागा बुजवता येते, आणि वाटल्यास तिथेच दुकान मांडता येते.

मधली चाळीस-पन्नास वर्षे इथे भरभर ओलांडतो, कारण १९६८ चे माउसचे प्रात्यक्षिक आणि १९८४ चा मॅकिंटॉश यांची कथा बहुतेकांना तोंडपाठ आहे. १९९३ च्या सुमारास एका संगणक कंपनीतल्या अधिकाऱ्याने आपल्या हुद्द्यातच ‘युजर एक्सपीरियन्स’ हे शब्द घातले, तेव्हापासून ते रूढ झाले. ‘वापरसुलभता’ हा शब्द त्याला तोकडा वाटत होता. वस्तू खोक्यातून बाहेर काढण्यापासून ती बिघडल्यावर दुरुस्त करून घेण्यापर्यंतचे सगळे त्याला त्यात बसवायचे होते. आज नोकरीच्या जाहिरातींत ‘यूआय-यूएक्स’ (पडद्याची मांडणी आणि युजर एक्सपीरियन्स) असे एका दमात लिहितात आणि अपेक्षा असते पडदे रंगवण्याची. तो वाद पुन्हा केव्हातरी.

डिफॉल्टची खरी लढाई कुकीपासून सुरू होते. कुकी म्हणजे साइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. १९९४ मध्ये ती आली साध्या गरजेपोटी. वेब सर्व्हरला मागच्या क्लिकची आठवण नसते, त्यामुळे ऑनलाइन खरेदीची टोपली पान बदलले की रिकामी व्हायची. कुकीने ती आठवण दिली. ती सुरुवातीपासून चालूच होती आणि वापरणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. १९९६ मध्ये वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला. फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीचे पहिले औपचारिक तांत्रिक मानक प्रसिद्ध झाले. आपण उघडलेल्या साइटखेरीज तिसऱ्याच कोणाची कुकी असेल, तर ती अडवावी, निदान डिफॉल्ट म्हणून तरी चालू ठेवू नये, असे त्यात लिहिले होते. त्या वेळच्या दोन्ही प्रमुख ब्राउझरांनी हे कलम पाळले नाही. पुढे उभा राहिलेला जाहिरातींचा सगळा पाठलाग त्या एका न पाळलेल्या ओळीवर उभा आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

डिफॉल्टमध्ये किती ताकद आहे याचा गाजलेला आकडा मात्र संगणकाबाहेरचा आहे. २००३ च्या एका अभ्यासात युरोपीय देशांतल्या अवयवदानाच्या संमतीची तुलना होती. जर्मनीत स्वतःहून ‘हो’ कळवावे लागे, तिथे संमती १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात ‘नाही’ कळवावे लागे, तिथे ९९.९८ टक्के. भाषा एक, सीमा लागून, फरक फक्त गप्प राहण्याच्या अर्थाचा. (प्रत्यक्ष अवयवदान इतक्या फरकाने वाढत नाही, तिथे घरच्यांचे मत आणि रुग्णालयांची व्यवस्था आड येते. डिझाइनच्या व्याख्यानांत हा कंस हमखास गळतो.) मीही पूर्वी एका नोंदणी फॉर्मवर ‘बातमीपत्र पाठवा’समोर आधीच टिक ठेवली होती. बैठकीत त्यावर दोन मिनिटेही कोणी बोलले नाही.

आता मुख्य भांडण. २००९ च्या सुमारास एक सुटसुटीत कल्पना पुढे आली: ब्राउझरने प्रत्येक विनंतीबरोबर एक छोटा संकेत पाठवायचा, ‘माझा माग काढू नका’. तांत्रिक नाव डीएनटी, म्हणजे ‘डू नॉट ट्रॅक’. किंमत १ असेल तर माग नको, ० असेल तर चालेल. संकेत पाठवलाच नाही तर या माणसाने अजून काही सांगितलेले नाही, असे समजायचे. तिसरी अवस्था नीट लक्षात ठेवा, सगळा गुंता तिथे आहे. न सांगणाऱ्याचा माग काढायचा की नाही, हे या संकेताच्या मानकाच्या मसुद्याने ठरवले नव्हते. ते त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले होते, आणि जिथे कायदा नव्हता तिथे माग निघतच होता.

फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरात उद्योगाने हा संकेत मानू असे जाहीर केले. तीन महिन्यांनी, ३१ मे रोजी, इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये हा संकेत डिफॉल्ट म्हणून चालूच असेल अशी घोषणा झाली. आणि आकाश कोसळले. उद्योगाचे म्हणणे असे, की आम्ही मान देणार होतो तो माणसाच्या निवडीला. इथे तर सॉफ्टवेअरनेच ठरवून टाकले, वापरणाऱ्याने काही केलेच नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी या ब्राउझरचा संकेत पाळण्याची गरज नाही असे सांगून टाकले. त्याआधीच, मानकाच्या मसुद्यावर काम करणाऱ्या संपादकांपैकी एकाने अपाची या तेव्हाच्या सर्वाधिक प्रचलित वेब सर्व्हरमध्ये एक दुरुस्ती घातली होती: संकेत या ब्राउझरकडून आला तर तो वाचूच नये. आरडाओरडा झाला, ती दुरुस्ती पुढे मागे घेतली गेली.

या वादात पडद्यावर प्रत्यक्ष काय होते ते पाहण्यासारखे आहे. हा ब्राउझर ज्या विंडोज ८ सोबत आला, ती पहिल्यांदा सुरू करताना एक पान येई. ‘एक्स्प्रेस सेटिंग्ज वापरा’ या बटणाने काय काय चालू होईल याची यादी, तिच्यात डीएनटीची एक ओळ. शेजारी ‘कस्टमाइझ’. ओळ दिसत होती, बटण माणसानेच दाबले होते. मग ही निवड झाली की नाही? नवा संगणक हातात आल्यावर ती यादी कोण वाचतो, हा प्रतिप्रश्न रास्तच होता, आणि म्हणूनच वाद चिवट ठरला. पण हाच तर्क उलटा फिरवून पाहा. वाचले नाही म्हणून ‘नको’ ग्राह्य नाही, तर वाचले नाही म्हणून ‘चालेल’ तरी ग्राह्य कसे? ज्या व्यवसायाचा सगळा डोलारा लोकांनी न बदललेल्या सेटिंगवर उभा होता, त्याला अचानक स्वतंत्र इच्छेचा कळवळा आला. माझ्या मते या क्षेत्राच्या इतिहासात इतका उघड दुटप्पीपणा दुसरा नाही.

एप्रिल २०१५ मध्ये त्या ब्राउझरच्या कंपनीने डिफॉल्ट मागे घेतले. जानेवारी २०१९ मध्ये मानकावर काम करणारा गट विसर्जित झाला. पुढच्याच महिन्यात सफारीने ही सोय काढून टाकली. कारण असे दिले, की हा संकेतच माणूस ओळखण्याची खूण म्हणून वापरला जाऊ शकतो. माग काढू नका म्हणणाऱ्याचा माग त्याच वाक्यावरून!

युरोपात हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत चालला होता, आणि तिथेही गोंधळ एका शब्दाचा. २००२ च्या निर्देशात वापरणाऱ्याला कुकीबाबत ‘नकाराचा हक्क’ होता. २००९ मध्ये तो बदलून ‘संमती’ झाली, पण प्रस्तावनेत एक फट राहिली: ब्राउझरच्या सेटिंगमधूनही संमती व्यक्त होऊ शकते. बहुतेक ब्राउझरांत कुकी आधीच चालू, म्हणजे सेटिंगला हात न लावणे हीच संमती, असा सोयीचा अर्थ अनेकांनी लावला. ‘ही साइट वापरत राहिलात तर तुमची हरकत नाही असे समजू’ ही पट्टी त्या काळातली.

ती फट बुजली एका ऑनलाइन सोडतीमुळे. सप्टेंबर २०१३ मध्ये एका जर्मन साइटवर भाग घ्यायला नाव-पत्ता भरावा लागे. खाली दोन चौकोन. पहिला रिकामा: प्रायोजकांनी जाहिराती पाठवायला परवानगी. त्यावर टिक केल्याशिवाय सोडतीत प्रवेशच नव्हता. त्यातल्या दुव्यामागे ५७ कंपन्यांची यादी, प्रत्येकीपुढे ‘वगळा’. दुसरा चौकोन कुकीचा, त्यात टिक आधीच होती. ग्राहक संघटना कोर्टात गेली आणि प्रकरण युरोपातल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत पोहोचले. १ ऑक्टोबर २०१९ चा निकाल सांगतो, की आधीच केलेली टिक न काढणे म्हणजे संमती नव्हे. त्या माणसाने ती ओळ वाचली, किंवा पाहिली तरी, हे कळायला वस्तुनिष्ठ मार्गच नाही. मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय विदा (डेटा) संरक्षण कायद्याच्या प्रस्तावनेतही मौन आणि आधीची टिक यांना संमती मानू नये असे स्पष्ट लिहिलेले आहे.

टिक गेली. तिची जागा घेतली चढ-उताराने. स्वीकार एका क्लिकवर, नकार चार पावलांवर. फ्रान्समध्ये जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालेले १५ कोटी आणि ६ कोटी युरोंचे दोन दंड नेमके याच कारणासाठी होते. अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव २०१० मध्येच पडले होते. आता त्याऐवजी ‘फसवे डिझाइन’ म्हणावे असा आग्रह आहे, आणि तो मला पटतो. भारतातही नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ प्रकारांची यादी आली. अमेरिकेत त्याच वर्षी एका बड्या विक्री कंपनीविरुद्ध दाखल झालेल्या तक्रारीत सदस्यत्व रद्द करण्याची वाट मोजून दाखवली आहे: चार पाने, सहा क्लिक, पंधरा पर्याय. कंपनीत या वाटेचे नाव होते ‘इलियड’, लांबलचक युद्धाच्या महाकाव्यावरून. सप्टेंबर २०२५ मध्ये ते प्रकरण अडीच अब्ज डॉलरला मिटले. वाटेला असे नाव देणाऱ्यांना आपण काय बांधतो आहोत याची कल्पना नव्हती, असे म्हणायला त्यामुळे जागा राहत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये आयफोनने ॲपना माग काढण्याआधी विचारणे सक्तीचे केले. दोन बटणे, सारख्या आकाराची. एवढ्यावर एका समाजमाध्यम कंपनीने २०२२ सालासाठी सुमारे १० अब्ज डॉलरच्या फटक्याचा अंदाज वर्तवला. नकाराच्या बटणावर मात्र ‘मनाई करा’ असे लिहिलेले नाही, ॲपला माग न काढण्याची ‘विनंती करा’ असे आहे.

डीएनटीची सोय फायरफॉक्समधूनही २०२५ च्या सुरुवातीला गेली. २०२० पासून त्याच धर्तीचा दुसरा संकेत आला आहे, आणि या वेळी त्याच्यामागे कायदा आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२७ पासून प्रत्येक ब्राउझरमध्ये तो पाठवण्याची सोय असलीच पाहिजे. ती सोय वापरणाऱ्याने स्वतः शोधून चालू करायची आहे.