टर्बो डिझेल बंद करण्यापूर्वीची ‘पाच मिनिटे’ : एक खुलासा

टर्बो (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणारा भाग) असलेले डिझेल इंजिन बंद करण्यापूर्वी दर वेळी पाच मिनिटे नुसते चालू ठेवले नाही तर टर्बो जळतो, असे गॅरेजांमध्ये आजही सांगितले जाते. या समजुतीचे मूळ खोटे नाही. टर्बोचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तापलेले इंजिन एकदम बंद केले की ऑइलचा प्रवाह थांबतो, टर्बाइनची (गरम वायूंनी फिरणाऱ्या चाकाची) उष्णता बेअरिंगकडे सरकते आणि तेथे अडकलेले ऑइल करपून त्याचा कठीण थर बसतो.

मात्र रचना बदलली आहे. अनेक टर्बोंच्या बेअरिंगभोवती आता कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) खेळवले जाते, आणि इंजिन थांबल्यावरही तापलेले कूलंट वर चढून त्याच्या जागी थंड कूलंट येत राहते. काही गाड्यांत तर मुख्य वॉटर पंपाच्या जोडीला विजेवर चालणारा छोटा पंप असतो, जो इंजिन बंद झाल्यावरही काही मिनिटे फिरतो. (त्याची घरघर ऐकून बिघाड झाला असे समजू नये.) सिंथेटिक ऑइलही सहजी करपत नाही.

शिवाय शहरात सावकाश चालवून घरी पोहोचलेल्या गाडीचा टर्बो मुळात तेवढा तापलेलाच नसतो. तिथे पाच मिनिटांत फक्त डिझेल जळते आणि काजळी वाढते. भरल्या गाडीने खंबाटकी घाट चढून लगेच ढाब्यावर थांबल्यास, विशेषतः टर्बो केवळ ऑइलवर थंड होणारा असल्यास, मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ जरूर द्यावा.