निर्जंतुक आणि जंतुनाशन : एकाच शब्दात कोंबलेली दोन कामं

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात गावोगावच्या एसटी स्टँडांवर बंबाने हायपोक्लोराइट मारलं गेलं आणि ‘परिसर निर्जंतुक केला’ अशा बातम्या आल्या. ऑपरेशनच्या गॉजच्या पाकिटावरही हाच शब्द असतो : निर्जंतुक. स्टँडच्या बाकाखाली फवारा वाळायच्या आत कुत्री येऊन झोपतात. गॉज माणसाच्या उघड्या पोटात ठेवतात. दोघांना एकच विशेषण लावणाऱ्यांचा मला तेव्हाही राग आला होता, अजून जात नाही.

गोंधळाचं मूळ भाषेत आहे. डॉक्टर मंडळी डिसइन्फेक्शन आणि स्टरिलायझेशन असे दोन शब्द वापरतात आणि आपण दोन्हींचं भाषांतर ‘निर्जंतुकीकरण’ करून मोकळे होतो. मी पहिल्याला जंतुनाशन म्हणतो आणि निर्जंतुकीकरण फक्त दुसऱ्यासाठी राखून ठेवतो. माझ्या वर्गात तरी हा नियम आहे.

जंतुनाशन तुम्हाला ठाऊक आहे. विहिरीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर, मग ओटी टेस्ट (पाण्यात उरलेल्या क्लोरीनची चाचणी) करून पाणी पिवळं होतंय का बघणं. फरशीला फिनाइल, इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिटचा बोळा. कातडीवर लावायचं सौम्य ते अँटिसेप्टिक, फरशीवरचं जहाल ते डिसइन्फेक्टंट. यापेक्षा जास्त त्यात काही नाही. मीठ, साखर, फ्रिज यांनी जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते किंवा मंदावते. लोणचं घालणाऱ्या घरात हेही सांगायला नको.

खरी अडचण पुढे आहे, आणि ती पाठ्यपुस्तकाच्या मांडणीतून येते. पुस्तकात दोन रकाने असतात : भौतिक पद्धती आणि रासायनिक पद्धती. पहिल्यात उष्णता, गाळण, किरणं. दुसऱ्यात फिनॉल, अल्कोहोल, क्लोरीन. वीस वर्षं प्रॅक्टिकल घेतोय आणि दरवर्षी निम्मा वर्ग यातून एकच निष्कर्ष काढतो : भौतिक म्हणजे निर्जंतुकीकरण, रासायनिक म्हणजे जंतुनाशन. साफ चूक. दुधाचं पाश्चरायझेशन, म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंद, ही भौतिकच पद्धत आहे, पण ते दूध निर्जंतुक नसतं. म्हणून पिशवी फ्रिजमध्ये ठेवावी लागते. उलट इथिलीन ऑक्साइड हा रासायनिक वायू प्लॅस्टिकची नळी पुरती निर्जंतुक करतो. ग्लुटाराल्डिहाइडचं २ टक्क्यांचं द्रावण तर दोन्ही बाजूंना बसतं. त्यात उपकरण २० मिनिटं बुडवलं तर ते जंतुनाशन, तेच १० तास ठेवलं तर निर्जंतुकीकरण. बाटली तीच, ट्रे तोच, बदललं फक्त घड्याळ.

मग रेघ कुठे? रेघ बीजाणूंवर आहे. बीजाणूंसकट सगळे जंतू मेले तर निर्जंतुकीकरण, बीजाणू उरले तर जंतुनाशन.

काही जीवाणू उपासमार झाली की मुक्काम हलवत नाहीत, गाशा गुंडाळून स्वतःतच बसतात. पेशीच्या आत एक कोरडी, जाड कवचाची गोळी तयार होते. तिच्यात पाणी फार कमी, हालचाल नाही, खाणं नाही. हाच बीजाणू. धनुर्वाताचा जंतू असे बीजाणू करतो, अँथ्रॅक्सचा करतो, शिळ्या भाताने उलट्या होतात त्यामागचा बॅसिलस सिरियसही करतो. भात शिजताना बीजाणू मरत नाहीत. ओट्यावर झाकून ठेवलेल्या कोमट भातात ते उमलतात आणि विष सोडतात. सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी उलटी आणणारं ते विष उष्णतेने जात नाही. (माझ्या आईला हे पटलेलं नाही. तिचा फोडणीच्या भातावर विश्वास आहे.)

उकळत्या पाण्यात साधे जीवाणू काही मिनिटांत जातात. बीजाणूंचे चिवट प्रकार तासन् तास तग धरतात. स्पिरिट त्यांच्यावर शून्य काम करतं. ७० टक्के अल्कोहोल १०० टक्क्यांपेक्षा जास्त मारक, हे सगळे घोकतात आणि बरोबरच आहे, पण बीजाणूपुढे दोन्ही सारखेच लंगडे. म्हणून केस कापायच्या दुकानात काचेच्या बरणीत निळ्या पाण्यात उभी केलेली कात्री निर्जंतुक नसते. पूर्वी डॉक्टर काचेची सिरिंज स्टोव्हवर डबीत उकळायचे, तीही नसायची.

जॉन टिंडॉल या ब्रिटिश शास्त्रज्ञाला १८७७ च्या सुमारास हाच अनुभव आला. वाळलेल्या गवताचा काढा कितीही उकळला तरी पुन्हा गढूळ व्हायचा. त्याने युक्ती काढली : थोडा वेळ उकळायचं, रात्रभर ठेवायचं, पुन्हा उकळायचं, असं तीन दिवस. मधल्या वेळात बीजाणू उमलतात, कवच टाकतात आणि पुढच्या उकळीला सापडतात. शत्रू किल्ल्यातून बाहेर येईपर्यंत थांबायचं आणि मैदानात गाठायचं, असला हा गनिमी कावा.

बीजाणूंना विसरलं की काय होतं याचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात प्लेगची लस टोचली गेली आणि १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना लस एकाच बाटलीतली. बाटली आली होती परळहून, ती लस शोधणारे वाल्डेमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतून; आज तिथेच हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. ठपका हाफकिनवर आला. कार्बोलिक अॅसिडऐवजी (म्हणजे फिनॉलऐवजी) उष्णतेवर भिस्त ठेवली, हा त्यांच्याविरुद्धचा मोठा मुद्दा. पुढे निघालं ते असं की बाटली उघडायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू उचलून धरली. माझं डोकं अडतं ते दुसऱ्याच गोष्टीवर. लशीत घालायचे तेवढ्या कार्बोलिकने धनुर्वाताचे बीजाणू मेलेच नसते. मातीत पडलेला चिमटा ज्योतीत लाल करायचा असतो.

आता ऑटोक्लेव्ह, म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा प्रेशर कुकर. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं : हे पाठांतर सगळ्यांचं चोख असतं. पण मारतं काय विचारलं की उत्तर येतं, ‘दाब, सर.’ दाब काही मारत नाही. दाबामुळे वाफ शंभराच्या वर जाते आणि ती वाफ थंड वस्तूवर पाणी होताना सगळी उष्णता तिथे ओतते. कोरड्या हवेत तेच काम करायला १६० अंश आणि दोन तास लागतात. भट्टीतल्या हवेत हात क्षणभर सोसतो, कुकरच्या वाफेत नाही.

म्हणूनच हवा आधी बाहेर काढायची. झाकण आवळलं, शेगडी पेटली, की झडप उघडी ठेवून बघत उभं राहायचं. आधी फुसफुस होते, थेंब उडतात, फुसफुशीचा आवाज मागेपुढे होतो. मग एकसारखी, सरळ, जोरकस धार सुरू होते. तेव्हाच झडप बंद. घाई करून निम्मी हवा आत कोंडली तर काटा १५ पौंडच दाखवतो, पण आत असतात जेमतेम ११२ अंश. डब्यावर चिकटवलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या पट्टीच्या रेघा काळ्या झाल्या म्हणून नाचू नका. डबा तापला एवढंच त्या सांगतात. खात्री करायची तर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या महाचिवट जंतूच्या बीजाणूंची पट्टी आत ठेवायची आणि नंतर ती उबवून बघायची. काही उगवलं नाही तर पास.

किरणांचंही तसंच, पण तिथे घड्याळाऐवजी मात्रा. मुंबईत ट्रॉम्बेच्या ‘आयसोमेड’ या सरकारी केंद्रात १९७४ पासून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय सामान निर्जंतुक करतात. त्यासाठीची रूढ मात्रा २५ किलोग्रे. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवरही गॅमा किरणं सोडतात, पण त्या मात्रेच्या साधारण साठाव्या हिश्शाने, फळातल्या किडीची पैदास थांबण्यापुरती. तो आंबा निर्जंतुक झाला असं लिहिणाऱ्याने तो चार दिवस टोपलीत ठेवून बघावा.

एवढं ऐकून एखादी नवी आई हमखास विचारते, ‘मग बाळाची बाटली कुकरमध्ये घालू का?’ नको. जे रक्तात किंवा शरीराच्या आत शिरणार ते निर्जंतुक हवं. सुई, टाके, गॉज. बाळाचं तोंड आणि आतडं निर्जंतुक नसतंच. घासून धुवा, दहा मिनिटं उकळा, झाकून ठेवा. फक्त सासूबाईंना सांगताना ‘बाटली उकळली’ म्हणा.